खिडकीतली वाकडी नळी

मित्रांनो, आमच्या कारखान्यात आलात तर आधी मागच्या भिंतीकडे बघा. तिथे एक मोठी खिडकी आहे. तिची जड लाकडी झडप वर उचललेली आहे, आणि ती धाडकन खाली पडू नये म्हणून एक काळपट, मधेच वाकलेली लोखंडी नळी तिला टेकू देऊन उभी आहे. ती मी.

नवीन माणूस आला की हमखास विचारतो, "हे भंगार इथे कशाला?" विचारू दे. मी लोखंडाची आहे. मला राग लवकर येत नाही, आणि आला तरी मी जागा सोडत नाही. का सोडत नाही, तेच आज सांगणार आहे. जरा लांबण लागेल, पण ऐका.

माझा जन्म काही टेकू द्यायला झाला नव्हता. मी काच फुंकायची नळी. एका लोहाराने मला घडवलं, घासूनपुसून सरळसोट केलं आणि माझ्या आरपार बघून तो म्हणाला, "वा! पलीकडचा उजेड गोल दिसतोय." माझं एक टोक जाड, ते भट्टीसाठी. दुसरं बारीक आणि गुळगुळीत, ते माणसाच्या ओठांसाठी.

भट्टीत वितळलेली काच काकवीसारखी घट्ट असते. माझं जाड टोक तिच्यात बुडवायचं, गोल गोल फिरवत काचेचा लालभडक गोळा उचलायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचं. गोळा फुगायला लागतो. मग तो साच्यात धरून पुन्हा फुंकायचं, की झाला चंबू. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेचे चंबू असतील ना? त्यांच्या पोटात आधी कुणाचा तरी श्वास भरलेला असतो. पुढच्या वेळी हातात घ्याल तेव्हा एवढं आठवा.

मी ज्यांच्या हाती पडले त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांची फुंक म्हणजे काय सांगू! लांब, सरळ, कुठे धक्का नाही की अडखळणं नाही. कारखान्याच्या मालकीणबाई चंबू उजेडात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "मिस्त्री, ही काच आहे की नुसता भास?" मग मिस्त्री पुढची फुंक जरा जास्तच ऐटीत मारायचे. मीही तेव्हा फुशारकीत होते. कोपऱ्यातल्या बाकीच्या नळ्यांकडे मी ढुंकूनही बघत नसे.

आमच्याकडे एक रीत होती. पहिली फुंक मिस्त्रींची. मग ते मला त्यांच्या धाकट्या भावाच्या हातात द्यायचे, आणि साच्यातली दुसरी फुंक त्याची. मधे पुसायला काय, तर शर्टाची बाही. एकाच नळीवर दोघांचा श्वास बसला तरच काच एकजीव होते, असं जुने लोक म्हणत. धाकट्याला सगळे धाकटा म्हणूनच ओळखत. गडी अंगाने दणकट, बोलायला मोकळा, आणि दादा म्हणजे त्याचा जीव की प्राण.

माझ्या पोटातून श्वास गेला की मला माणूस कळतो. घरी भांडून आलेल्याचा श्वास तुटक असतो. जेवून सुस्तावलेल्याचा जड असतो. धाकट्याचा कायम घाईचा. तेव्हा मिस्त्रींच्या श्वासात काहीतरी बिनसलंय, हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. पण त्याआधी आमच्या खोलीबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काहीच उमगणार नाही.

ही खिडकी तेव्हा बंद होती. एकदा थंडीत कुणीतरी ती उघडी टाकली, गार वाऱ्याचा झोत आत आला आणि ओळीने मांडलेले गरम चंबू तडातड तडकले. मोठी मागणी होती, सगळी मातीमोल झाली. मालकीणबाईंनी त्याच दिवशी सुताराला बोलावून झडप खिळ्यांनी ठोकून टाकली. फटींत चिंध्या कोंबल्या. वारा लागला की काच गेली, ही त्यांची काळ्या दगडावरची रेघ. बाकीच्या खिडक्यांचंही तेच झालं. आता आत आलेली हवा आतच फिरायची. सगळे तीच घ्यायचे आणि तीच सोडायचे.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात वाळू चाळायची जागा होती. काच वाळूपासून होते, हे तुम्हाला माहीत असेलच. ते काम मिस्त्रींच्या बायकोकडे. धाकटा त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणते. पिठासारखी बारीक, कोरडी वाळू त्या चाळायच्या, आणि चाळणी हलली की पांढरा धुरळा उठायचा. दुपारपर्यंत त्यांच्या भुवया, पापण्या, केस सगळं पांढरं व्हायचं. धाकटा चिडवायचा, "वहिनी, सकाळी तरुण होतीस, एवढ्यात म्हातारी कशी झालीस?" वहिनी चाळणी त्याच्यावर उगारायच्या आणि दोघं खदाखदा हसायचे. तो धुरळा केसांवरच बसतोय, असं त्यांना वाटायचं. केस धुता येतात हो. छातीत बसलेला धुरळा कोण धुणार?

आणि सुट्टी झाली की मिस्त्री भट्टीच्या निखाऱ्यावर विडी पेटवायचे. वहिनी करवादायच्या, "अहो, दिवसभर धूर कमी पडतो का तुम्हाला?" मिस्त्री म्हणायचे, "अगं, विडीने छाती मोकळी होते." मी मनात म्हणायचे, मिस्त्री, ती छाती किती मोकळी आहे ते मला विचारा.

कारण फुंक आखूड होत चालली होती. जिथे एका दमात गोळा फुगायचा, तिथे मिस्त्री दोनदा दम घ्यायला लागले. मधे थांबलं की काच एका बाजूला जाड राहते. मालकीणबाई आता चंबू उजेडात धरायच्या आणि काही न बोलता खाली ठेवायच्या. ते न बोलणं मिस्त्रींना फार लागायचं.

मग खोकला सुरू झाला. आधी म्हणाले, थंडीचा आहे. थंडी गेली तेव्हा म्हणाले, भट्टीच्या झळीचा आहे. दुकानातून खोकल्याचं औषध आणून झालं, काढे पिऊन झाले. खोकला काही हटेना. संध्याकाळी त्यांचे ओठ मला कढत लागायचे, बारीक ताप असायचा. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडायची वेळ आली. तरी मिस्त्री खोकला आला की भट्टीमागे जायचे आणि तोंडात फडकं कोंबायचे. खोकणाऱ्याच्या हातून नळी काढून घेतात, हे त्यांना ठाऊक होतं. नळी गेली की मिस्त्रीपण गेलं. त्या एका भीतीपायी गडी रोग पोटाशी धरून बसला होता. मला इतका राग यायचा! वाटायचं, ओरडून सांगावं. पण नळीला कुठला आवाज? ज्याने फुंकावं त्याचाच.

एके दिवशी पहिली फुंक मारून त्यांनी मला धाकट्याकडे दिलं. धाकटा तोंडाला लावणार, तोच थांबला. माझ्या टोकावर लाल ओघळ होता.

"दादा, हे काय?"

"ओठ फुटलाय."

"दादा, माझ्याकडे बघून सांग."

मिस्त्रींनी बघितलं नाही. धाकट्याने मला तिथेच टाकलं, गोळा फरशीवर फुटला, आणि तो तडक वाळूच्या कोपऱ्यात गेला. वहिनींनी त्याच पांढऱ्या केसांनी नवऱ्याचा दंड धरला आणि त्यांना दवाखान्यात नेलं. चेहरासुद्धा धुतला नाही.

बेडका तपासला, छातीचा फोटो काढला. क्षयरोग निघाला. शिवाय फुप्फुसांत वर्षानुवर्षांची धूळ बसलेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळेल, सहा महिने न चुकता घ्यायचं, रोग बरा होईल. वहिनींनी येऊन हे सांगितलं तेव्हा कारखान्यात एकच कल्लोळ झाला. रोग आला कुठून? सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली.

"ही नळीच बाधली," मालकीणबाई म्हणाल्या. "उष्टी नळी तोंडात घालायची म्हणजे दुसरं काय होणार? टाका तिला. आजपासून ज्याची त्याची नळी वेगळी."

मला वाळूच्या कोपऱ्यातल्या भंगारात फेकलं. खाली तुटका साचा, वर गंजका पत्रा. मित्रांनो, मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण वाईट वाटण्यापेक्षा संताप जास्त आला, कारण मला टाकून सगळे निर्धास्त झाले होते. चोर सापडला म्हणून लोक झोपायला जातात ना, तसे. खिडकी बंदच होती. वाळू कोरडीच चाळली जात होती. आणि आता भंगारात पडल्या पडल्या मला एक गोष्ट नीट दिसत होती. खिळे ठोकलेल्या फळ्यांच्या एका भोकातून उन्हाची तिरीप आत यायची, आणि तिच्यात धुरळा नुसता घुमत असायचा. बाहेर जायला त्याला वाट नव्हती.

गोळ्या घेऊन मिस्त्री सुधारले. ताप गेला, भूक लागली, पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आला. दोन-तीन महिन्यांत स्वारी कारखान्यात हजर. वाळूच्या कोपऱ्यात येऊन छाती ठोकून म्हणाले, "बघ, वाघ झालोय वाघ! आता गोळ्या कशाला? त्या घेतल्या की मळमळतं, फुंकायला जोर राहत नाही."

वहिनींची चाळणी थांबली. "डॉक्टरीणबाईंनी सहा महिने सांगितलेत."

"त्यांना काय जातंय सांगायला? बरं कोणाला वाटतंय, मला की त्यांना?"

आणि त्यांनी गोळ्या सोडल्या. वहिनी रागावल्या, रडल्या, बोलणं टाकलं. मिस्त्री ऐकेनात. मोठी मागणी आली होती, आणि मालकीणबाई पुन्हा चंबू उजेडात धरायला लागल्या होत्या. त्या कौतुकाची चटक फार वाईट.

काही आठवड्यांत खोकला परत आला. यावेळी तो दडपला जाईना. आणि त्याच सुमाराला, मित्रांनो, दुसऱ्या बाकावरून मला आणखी एक खोकला ऐकू आला. घाईचा. त्या श्वासाची मी जुनी ओळखीची, मला चुकणं शक्यच नव्हतं.

धाकट्याची नळी वेगळी होती. नवीकोरी, दुसऱ्या कुणाच्या ओठाला न लागलेली. मी तर भंगारात. मग आता कुणाला बाधलं म्हणायचं?

वहिनींनी दोघांनाही दवाखान्यात नेलं. धाकट्याचीही तपासणी तशीच आली. एकाच जागेतले दोघं निघाले म्हणून डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी स्वतः कारखान्यात आल्या, सगळ्यांना तपासायला. दारात पाऊल टाकलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. "या खोलीला खिडकी नाही?"

"आहे, पण बंद ठेवतो," मालकीणबाई म्हणाल्या. "नळी आम्ही कधीच टाकून दिली."

"एकमेकांची नळी तोंडात घालणं बंद केलंत ते चांगलंच. पण हा रोग नळीतून नाही आला, हवेतून आला. आजारी माणूस खोकला की जंतू हवेत जातात. खोली उघडी असेल तर वाऱ्याने ते पांगतात. ही खोली म्हणजे झाकण लावलेली बरणी आहे. एक खोकला, की सगळ्यांच्या वाट्याला." मग त्यांनी त्या उन्हाच्या तिरिपेकडे बोट केलं. "आणि ही वाळूची धूळ. ती आत जाऊन फुप्फुसाला चरे पाडते. ते चरे औषधाने भरत नाहीत. अशा छातीत क्षयाला शिरायला वेळ लागत नाही. वर विडी आहेच."

मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "बाई, मी बरा झालो होतो."

"बरं वाटत होतं. बरे झाला नव्हता. जंतू अर्धमेले असताना औषध सोडलं की उरलेले चिवट होतात, मग साध्या गोळ्यांना दाद देतीलच असं नाही. आता पुन्हा सगळ्या तपासण्या होतील आणि पुन्हा पहिल्यापासून औषध. आणि बरं वाटत होतं तेवढ्यात धाकट्या भावाशेजारी बसून खोकत होता, ते वेगळंच."

मिस्त्रींनी धाकट्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. स्वतःच्या खोकल्याने जो माणूस हलला नव्हता, तो तिथे बाकावर मटकन बसला आणि ढसाढसा रडला. धाकटा जवळ गेला आणि म्हणाला, "दादा, पुरे. दोघं मिळून गोळ्या खाऊ. पण आता तू सोडल्यास तर माझ्याशी गाठ आहे."

मालकीणबाईंचा आवाज उतरला होता, पण हेका सुटत नव्हता. "हे सगळं खरं. पण खिडकी उघडली की वारा येणार, आणि वारा आला की काच तडकणार. माल गेला तर कारखाना चालणार कसा? त्याचं काय?"

तेव्हा वहिनी उठल्या. त्या मालकीणबाईंपुढे कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. "बाई, काच तडकली तर भट्टीत टाकून पुन्हा ओतता येते. या दोघांना कुठल्या भट्टीत टाकू?"

वहिनी वळल्या, भंगाराच्या ढिगात हात घातला, गंजका पत्रा बाजूला सारला आणि मला बाहेर ओढलं.

मित्रांनो, किती दिवसांनी मला कुणाचा हात लागला होता! त्यांनी माझं जाड टोक झडपेच्या फटीत घातलं आणि सगळा भार माझ्यावर टाकला. खिळे जुने, गंजून लाकडात रुतलेले. पहिला निघेना. मला माझं अंग करकरताना ऐकू आलं. वाकले की संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. वाकडी नळी गोल फिरत नाही, आणि न फिरणाऱ्या नळीवर काच बसत नाही. म्हणजे पुन्हा कधी कुणाच्या ओठाला लागणं नाही. एक क्षण वाटलं, नको. मग माझ्यामागे धाकटा खोकला, आणि मी मनाशी म्हटलं, वहिनी, अजून जोर लावा.

खिळा निघाला. मग दुसरा. धाकटा धावून आला, त्याने शेवटचे उपटले. चिंध्या खाली पडल्या आणि झडप वर गेली. सगळी पांढरी धूळ उजेडात भपकन उठली आणि बाहेर निघून गेली. झडप वर टिकेना, तेव्हा वहिनींनी मलाच तिच्याखाली उभं केलं. मी मधे चांगलीच वाकले होते. पण उभी राहिले.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते काही एका दिवसात झालं नाही. मालकीणबाई आधी कुरकुरल्या, मग स्वतःच डोकं चालवून फुंकायच्या बाकांशेजारी पत्र्याचे आडोसे लावून घेतले. काचेला वारा लागत नाही आणि माणसांना मिळतो. चंबू उघड्यावर न ठेवता लगेच निववायच्या, म्हणजे हळूहळू गार करायच्या, कोठीत जायला लागले. खरं सांगायचं तर आता पूर्वीपेक्षा कमी तडकतात. वाळू पाण्याचा शिपका देऊन ओली केल्याशिवाय वहिनी चाळणीला हात लावत नाहीत, आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क असतो. नुसता रुमाल बारीक धूळ अडवत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वहिनींच्या छातीच्या फोटोतही धुळीची सुरुवात दिसली होती. ती तिथेच थांबली आहे. विडी भट्टीजवळच काय, फाटकापाशीही चालत नाही. मिस्त्रींना ती सोडणं फार जड गेलं. दोनदा सोडली आणि पुन्हा धरली. मग सुटली.

दोघा भावांनी औषध पुरं केलं. मळमळलं तरी, बरं वाटलं तरी. रोज वहिनींसमोर, एकमेकांकडे बघत. धाकट्याचा रोग लवकर सापडला होता, तो ठणठणीत झाला. आज पहिली फुंक त्याची असते. इथे उभ्या उभ्या मला ती ऐकू येते. घाई गेली आहे. लांब, सरळ, अगदी दादासारखी.

मिस्त्रींचा क्षय गेला, पण फुप्फुसाला पडलेले चरे गेले नाहीत. ते आता फुंकत नाहीत. साचे तपासतात, नव्या लोकांना शिकवतात, जिना चढताना मधे थांबतात. कधीकधी खिडकीपाशी येऊन मला हात लावतात आणि माझ्या टोकाशी तोंड नेऊन हळूच फुंकर घालतात. छोटीशीच असते, लवकर संपते. ती संपते तेव्हा मला फार वाईट वाटतं. हे सगळं टळलं असतं.

म्हणून सांगते, मित्रांनो. घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, अंग वाळत असेल, तर तो लपवू देऊ नका. दवाखान्यात न्या. औषध सुरू झालं की "आता बरं वाटतंय" या बोलण्याला भुलू नका. खोकताना तोंडावर फडकं धरायला सांगा. वडीलधारे विडी-सिगरेट पेटवतात तेव्हा वहिनींसारखं करवादायला लाजू नका. धुळीत काम करणारं कुणी तुमचं असेल, तर ती धूळ ओली होते का आणि तोंडावर मास्क असतो का, हे विचारा. आणि खिडकी उघडा. आधी खिडकी उघडा.

परवाचीच गोष्ट. कडाक्याची थंडी पडली होती. मालकीणबाई शाल गुंडाळून खिडकीशी आल्या आणि पुटपुटल्या, "आजच्या दिवस लावून घेते बाई, हाडं गोठली." त्यांनी मला धरलं. मी पाय घट्ट रोवून उभी राहिले. त्यांनी हिसका देऊन ओढलं, आणि मी निम्मी सुटले. झडप खाली यायला लागली.

तेवढ्यात आत कुणीतरी खोकलं. साधाच, घशात काहीतरी अडकल्याचा खोकला.

मालकीणबाईंचा हात थांबला. मग त्यांनी झडप खांद्याने वर रेटली, मला पुन्हा जागेवर बसवलं आणि तळहाताने ठोकून ठोकून पक्कं केलं.

"राहा बाई तू इथेच," त्या मला म्हणाल्या, आणि शाल कानांवरून घट्ट ओढून आत कामाला गेल्या.